दुकान आवरलं, घर आवरलं आणि आईंची कोठी

चोपड्याला आमचं ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. गेल्या वर्षी जीएसटीची नोटीस आली आणि जुन्या खरेदीची बिलं शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. सापडली ती वर, कुरडयांच्या डब्यांमागे, खताच्या गोणीत. त्या रात्री मी ठरवलं, पसारा आवरून, लावून देणारं जाणतं कुणीतरी बोलवायचं. हे म्हणाले, "आपला पसारा परक्या माणसाला दाखवायचा?" बोचत मलाही होतं.

जळगावहून हेच काम करणाऱ्या एक ताई आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी कशालाच हात लावला नाही. काउंटरजवळ स्टूल टाकून बसल्या आणि गिऱ्हाईक काय मागतं, पोऱ्या ते आणायला कुठे कुठे जातो, हे वहीत लिहीत गेल्या. मग मापं घेतली. डबे, रॅक आत्ताच घेऊ नका म्हणाल्या, आधी काय उरतं ते बघू. पैसे दिवसाप्रमाणे ठरले, सामानाचा खर्च वेगळा.

आधी आम्ही माल कंपनीप्रमाणे लावायचो. त्यामुळे एका शेतकऱ्याला ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप द्यायची तर पोऱ्याच्या तीन फेऱ्या व्हायच्या. आता सगळं नळीच्या मापावर आहे, १६ एमएमचं एका भिंतीला, २० एमएमचं समोर. प्रत्येक खणाला आतलाच एक नग तारेने बांधलाय, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःच बोट दाखवतं. बिलं वर्षवार फायलींत गेली. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ती सांभाळावी लागतात, म्हणून प्रत्येक फायलीच्या पाठीवर कधीपर्यंत ठेवायची ती तारीखही लिहून घेतली.

घर मात्र जड गेलं. ठेवायचं, द्यायचं आणि 'अजून ठरायचंय' असे तीन ढीग झाले. जिन्यातली गंजलेली पत्र्याची कोठी मी भंगारात काढायला निघाले होते. सासूबाईंनी झाकणावर हात ठेवला. "हाई मन्ही मायनी शे." म्हणजे, ही माझ्या आईची आहे. ताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी आईंना विचारलं, "यात काय भरायच्या?" दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, आई म्हणाल्या, आणि मग माहेरच्या खळ्यापासून सगळं सांगत बसल्या. ताईंनी ते मध्ये तोडलं नाही. कोठी घासून, रंगवून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आली. सगळं वाळवण, पापड, कुरडया, बिबडे, आता तिच्यात राहतं आणि चार ठिकाणी विखुरलेले डबे काढून टाकता आले.

विचारल्याशिवाय एक चिंधीसुद्धा घराबाहेर गेली नाही. आल्या आल्या गोण्या भरायला लागणारा माणूस असेल तर त्याला काम देऊ नका, असं मी कळकळीने सांगेन.

आता दुकान बंद करताना पोऱ्या आणि मी दहा मिनिटं खण बघतो. 'ठरायचंय'चं एक खोकं अजून माळ्यावर आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येतील तेव्हा उघडू, असं आई म्हणाल्यात.