सँट्रोचा टायमिंग बेल्ट घरी बदलताना

आमची जुनी सँट्रो दुसऱ्या मालकाकडून घेतलेली आहे आणि तिचा टायमिंग बेल्ट आधी केव्हा बदलला होता, याचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. कामानिमित्त कसारा घाट उतरून ठाण्याकडे वारंवार जावे लागत असल्याने ही शंका बाळगून गाडी चालवणे मला पटेना. पिस्टनच्या जोराने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व म्हणजे झडपा उघडणारा कॅम, हे दोन दांडे एका तालात ठेवणारा हा बेल्ट रबराचा असतो. गाडी कमी चालली तरी वय आणि इंजिनाची उष्णता त्याला जीर्ण करतातच, आणि या इंजिनात तो चालत्या गाडीत तुटला, तर उघडे राहिलेले व्हॉल्व वर येणाऱ्या पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेड, म्हणजे व्हॉल्व असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवल्याशिवाय गत्यंतर नसते.

नाशिकच्या द्वारका भागातून बेल्टबरोबरच तो ताणून धरणारा टेन्शनर आणि क्रँक व कॅमचे ऑइल सीलही आणले, कारण सील गळले की तेल बेल्टवर येऊन नवे रबरही खराब करते, आणि तिथवर पोहोचण्यासाठी सगळी उघडझाक पुन्हा करावी लागते. अंबडच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी आपला टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना, दिला आणि सिडकोतल्या आमच्या अंगणात ते स्वतःही येऊन बसले.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणे, ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक उतरवून गाडी स्टँडवर ठेवणे, बाहेरचे बेल्ट सोडवणे, ही कामे सरळ होती. त्या बाजूचे, इंजिनाला धरून ठेवणारे माउंटिंग काढण्यापूर्वी ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाला आधार दिला. क्रँक पुलीच्या बोल्टने मात्र कस पाहिला. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून भावाने ब्रेक दाबून धरला आणि पान्याला लांब पाइप जोडून मी तो सोडवला. स्टार्टरच्या झटक्याने हा बोल्ट सैल करण्याची युक्ती काही जण सांगतात. पाना निसटून हाताला किंवा रेडिएटरला इजा होण्याचा धोका पाहता ती मला मुळीच मान्य नाही.

या कामाचा खरा जीव क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या खुणांमध्ये आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. त्यामुळे केवळ क्रँकची खूण जुळली म्हणून समाधान मानता येत नाही, कॅमची खूणही त्याच वेळी जागेवर असावी लागते. स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवले, दोन्ही खुणा जुळवल्या आणि पुलींवर पांढऱ्या रंगाने ठिपके दिले. जुना बेल्ट हातात आल्यावर दात्यांच्या मुळाशी पडलेल्या बारीक चिरा स्पष्ट दिसल्या. सील बदलून झाल्यावर टेन्शनरच्या विरुद्ध बाजूला बेल्ट ताठ राहील आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे येईल, अशा रीतीने नवा बेल्ट चढवला. तो दुमडू नये, कारण आतले धागे तुटतात आणि ते बाहेरून कळत नाही.

टेन्शनर स्प्रिंगच्या जोराने बसू दिल्यावर काका म्हणाले, “आता घाई करू नकोस, हाताने पूर्ण दोन फेरे फिरव. मध्ये अडलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं.” ही तपासणी टाळून थेट चावी फिरवणे म्हणजे चुकलेल्या दात्याची किंमत व्हॉल्वकडून वसूल करणे होय. क्रँक कुठेही न अडता फिरला आणि दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. त्यानंतर टेन्शनरचे, पुलीचे आणि माउंटिंगचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे टॉर्क रेंचने आवळले.

इंजिन पहिल्याच चावीला सुरू झाले, आयडलिंग स्थिर होते आणि कव्हरच्या आतून घासल्याचा आवाज येत नव्हता. त्र्यंबक रोडवर गाडी फिरवून आणल्यावर सीलजवळ तेलाचा ओलावा नाही, हे टॉर्चच्या उजेडात पाहिले. सोबत बदललेला बाहेरचा नवा फॅन बेल्ट तेवढा किंचित सैल पडला होता, तो पुन्हा ताणून घेतला.