व्हायोला ऑडिशन, आठवडा अकरावा: दोन गंधार

आज १४ नोव्हेंबर. डी.एम.ए.च्या (संगीतातल्या डॉक्टरेटच्या) प्रवेशासाठी व्हायोलाचं, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खर्जाकडे झुकणाऱ्या भावंडाचं, पहिल्या चाळणीचं रेकॉर्डिंग १ डिसेंबरला पोचायला हवं, म्हणजे हातात सतरा दिवस. ते पसंत पडलं तर फेब्रुवारीत प्रत्यक्ष वाजवायला बोलावणं येईल.

काय वाजवायचं ते एकदाचं ठरलं. बाखच्या पाचव्या चेलो स्वीटमधले साराबांद आणि जीग (संथ आणि चपळ असे दोन नृत्यभाग), वॉल्टनच्या कन्चेर्टोचे (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचे; सोबतीला माझ्याकडे पियानो) पहिले दोन भाग, आणि हिंडेमिथच्या एकल सोनाटाचा, ओपस २५ क्रमांक १चा, चौथा भाग. रेबेका क्लार्कचा १९१९चा सोनाटा बाजूला ठेवताना जीव तुटला, पण यादीत चौथं मोठं काम आलं की बाकीच्या तिन्हींचा रियाझ पातळ होतो.

हिंडेमिथबद्दल थोडक्यात. त्याने या भागावर नादमाधुर्य दुय्यम आहे असं स्वतः लिहून ठेवलंय आणि वेग मिनिटाला ६०० ते ६४० स्वर दिलाय. माझा मेट्रोनोम १३० वर, ठोक्याला चार स्वर, म्हणजे ५२०. खर्जाच्या मोकळ्या तारेवर सतत आघात करताना उजवा खांदा वर चढत होता. गज मधल्या तोलाच्या जागी आणला आणि कोपर सैल ठेवलं, तेव्हा चढायचा थांबला. आठवड्याला दहा-दहाने वाढवतेय.

खरी लढाई साराबांदशी आहे. त्यात एकही जोडस्वर (दोन तारा एकदम वाजवणं) नाही. सगळी हार्मनी एकाच ओळीतून ऐकणाऱ्याच्या कानात उभी राहायला हवी, त्यामुळे सूर केसभर हलला तरी लपत नाही. मी तानपुरा पांढरी एकवर लावून हे वाजवते. सी मायनरसाठी षड्ज तिथेच आहे, आणि सांगलीत लहानपणी आईच्या शेजारी बसून कान तयार झाले ते तानपुऱ्यावरच. तिला परवा फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "गंधार छान लागलाय गं, पण ओळीचा शेवटचा सूर सोडताना घाई करतेस. तो विरू दे." तिने बाख कधी ऐकला नव्हता, पण चूक नेमकी तीच होती. आता प्रत्येक ओळीच्या शेवटी गज थांबल्यावर तारेचा नाद संपेपर्यंत बोट उचलत नाही.

पण त्याच छान गंधाराने वॉल्टनमध्ये गोत्यात आणलं. तानपुऱ्याशी जुळणारा कोमल गंधार पियानोच्या ई-फ्लॅटपेक्षा साधारण १६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. एकल बाखमध्ये तो गोड लागतो. वॉल्टनमध्ये मात्र षड्ज जातो ए वर आणि सुरुवातीपासून सी आणि सी-शार्प एकमेकांना घासतात, म्हणजे कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार. जोग रागातही दोन्ही गंधार आहेत, पण तिथे एक आरोहात आणि एक अवरोहात येतो. इथे ते समोरासमोर उभे असतात, आणि कन्चेर्टोची सगळी हुरहूर मला तिथेच दिसते. सकाळी तासभर तानपुऱ्यावर बसून दुपारी पियानोसोबत वाजवायला गेले, तर माझा सी चढाच लागायचा. मग त्या घर्षणातली कळ जायची आणि ते नुसतं बेसूर वाटायचं. वादक मैत्रिणीने पियानोवर फक्त सी आणि सी-शार्प धरून ठेवले आणि मला एकच सूर वीस वेळा लावायला लावला, तेव्हा फरक कानाला कळला.

म्हणून दिवसाचा क्रम उलटा केला: सकाळी पियानोसोबत वॉल्टन, संध्याकाळी तानपुऱ्यावर बाख. तारा मिळवण्याची पद्धतही बदलली. सगळ्यात वरच्या ए तारेपासून शुद्ध पंचमांनी (डी, जी, सी असं) खाली उतरत गेलं की खर्जाची सी पियानोपेक्षा साधारण ६ सेंट उतरलेली राहते. पियानो सोबतीला असेल तेव्हा पंचम किंचित आवळून मिळवायचे. व्हायोला वाजवणाऱ्यांनी हे एकदा ट्यूनर समोर ठेवून करून बघाच.

१९२९मध्ये नामवंत इंग्लिश व्हायोलावादक लायनेल टर्टिसने वॉल्टनचा हा कन्चेर्टो नाकारला आणि पहिल्यांदा तो वाजवला हिंडेमिथने, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये. माझ्या यादीत वॉल्टन आणि हिंडेमिथ शेजारी आलेत याचा मला फार आनंद आहे.

इथे ओहायोत हीटर सुरू झाल्यापासून हवा कोरडी पडलीय आणि खुंट्या सैल होतायत. मंगळवारी ऐन वाजवताना जी ची तार सर्रकन उतरली. पेटीत ओल्या स्पंजची नळी ठेवलीय, आर्द्रता ४२ टक्क्यांवर आहे. खुंटीला थोडा खडू लावला.

रविवारी चार वाजता चर्चमध्ये पहिलं रेकॉर्डिंग. प्रत्येक भाग एका दमात, मध्ये कापाकापी चालत नाही. आधी वॉल्टन, मग अर्धा तास विश्रांती आणि कानात फक्त तानपुरा, मग साराबांद. पुढची नोंद सोमवारी.