मान उजवीकडे, सुई डावीकडे

काका ओपीडीत आले ते हनुवटीला बोट टेकवूनच. बोट काढलं की चेहरा उजवीकडे ओढला जायचा, टेकवलं की सरळ. मानेच्या डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप आवळून मान वळते त्या विकारात, ही खूण दिसली की निम्मं निदान तिथेच होतं.

"इंजेक्शन घेऊन झालं, डॉक्टर. काडीचा फरक नाही. त्यापेक्षा गोळीच बरी."

काकूंना ते मान्य नव्हतं. "कसली बरी? किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही यांना. रात्री लघवीला गेले की पाच-पाच मिनिटं ताटकळतात."

गोळी होती ट्रायहेक्सिफेनिडिल, २ मिलिग्रॅमच्या रोज सहा. नसांचे निरोप पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाला ती अडवते, पण फक्त मानेच्या कामापुरतं नाही. मेंदू, मूत्राशय, लाळग्रंथी, डोळे, सगळीकडेच अडवते. तरुणांना चढा डोसही पुष्कळदा झेपतो. साठीच्या आसपास मात्र मान सैल होण्याआधी स्मरणशक्तीच सैल होते. प्रोस्टेट वाढलेलं असेल किंवा काचबिंदूचा धोका असेल तर मी ती सुरूच करत नाही.

या दोन उपचारांची समोरासमोर तुलना नेदरलँड्समध्ये झाली. ६६ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये छापून आले. एका गटाला खरी गोळी आणि खोटं इंजेक्शन, दुसऱ्याला उलट. बारा आठवड्यांनी इंजेक्शनमधलं औषध, स्नायू सैल करणारं बोट्युलिनम टॉक्सिन, सरस ठरलं, शिवाय त्रासही कमी. मग काकांनाच गुण का नाही?

उत्तर जुन्या कागदांत होतं. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे सुई टोचली होती ती उजव्या स्टर्नोमॅस्टॉइडमध्ये, म्हणजे कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणाऱ्या स्नायूत, मान वळते त्याच बाजूला. पण चेहरा उजवीकडे फिरवतो तो डावा स्टर्नोमॅस्टॉइड. त्याला मागून साथ देतो मानेच्या पाठचा स्नायू, उजवा स्प्लेनियस. काकांचा डावा स्नायू दोरखंडासारखा हाताला लागत होता. कागदावर नुसतं '१०० युनिट' लिहिलेलं, ब्रँड नाही. बोटॉक्स आणि डिस्पोर्ट हे याच टॉक्सिनचे दोन ब्रँड, पण त्यांचं युनिट एक नव्हे, त्यामुळे असल्या नोंदीचा पुढच्या डॉक्टरला उपयोग शून्य.

बोटॉक्सची १०० युनिटची कुपी २ मिली सलाइनमध्ये विरघळवली, म्हणजे ०.१ मिलीत ५ युनिट. कुपी हलकेच फिरवायची, खळखळवायची नाही. स्नायूतली विद्युत हालचाल ऐकवणाऱ्या ईएमजीच्या सुईतून खरखर ऐकू आली तिथेच औषध सोडलं: डाव्या स्टर्नोमॅस्टॉइडच्या वरच्या भागात दोन ठिकाणी मिळून ३० युनिट, उजव्या स्प्लेनियसमध्ये तीन ठिकाणी मिळून ७०. स्टर्नोमॅस्टॉइडमध्ये खाली किंवा जास्त गेलं तर औषध घशाच्या स्नायूंकडे झिरपतं आणि गिळताना अडकतं.

काळजी घेऊनही दुसऱ्या आठवड्यात काका पोळीचा घास पाण्यासोबत उतरवत होते. आठवडाभर मऊ भात, खिचडी, हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट. पाण्यानेही ठसका लागला तर लगेच यायचं, असं बजावलं होतं. ते आपोआप निवळलं. तोवर मान सैल पडू लागली होती, म्हणून गोळी दर आठवड्याला २ मिलिग्रॅमने उतरवायला घेतली. ती एकदम तोडली तर डिस्टोनिया उसळतो.

सहाव्या आठवड्यात काका आले तेव्हा दोन्ही हात खिशात, गोळी ४ मिलिग्रॅमवर. पुढच्या इंजेक्शनची तारीख या इंजेक्शनपासून बारा आठवड्यांनंतरची दिली; त्याआधी पुन्हा टोचलं तर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हायची भीती. कागदावर ब्रँड, स्नायू, बाजू आणि युनिट लिहिले, आणि पुढच्या वेळी स्टर्नोमॅस्टॉइडला ३० ऐवजी २५.