कोणता कॉम्प्युटर घेऊ, काकू?

गेल्या महिनाभरात हा प्रश्न तिघांनी विचारला. शेजारच्या मुलीनं, तिला घरून अकाउंटिंगचं काम मिळालंय. एका ज्युनिअर वकिलानं. आणि माझ्या भाच्यानं, त्याला खरं तर गेमच खेळायचेत. माझ्या टेबलावर एक मॉनिटर आडवा आणि एक उभा दिसतो, म्हणून मला यातलं फार कळतं असा समज पसरलाय. मला कळतं ते माझ्या कामापुरतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी जुन्या खरेदीखतांचे, मृत्युपत्रांचे इंग्रजी अनुवाद करते. एकीकडे स्कॅन, दुसरीकडे वर्ड, आणि मधूनमधून शब्दकोश. दिवसभर मान या दोन-तीन जागांमध्येच फिरते. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला एक चुकीचा मॉनिटर विकत घ्यावा लागला.

इथे नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात गेले होते. "मॅडम, बत्तीस इंच घेऊन टाका, टीव्हीसारखं दिसते," दुकानदार म्हणाला. टीव्हीसारखं दिसायचं खरंच. रिझोल्यूशन मात्र १९२० बाय १०८०. तेवढेच ठिपके ३२ इंचांवर पसरले की एका इंचात जेमतेम ६९ येतात. २४ इंची पडद्यावर ९२ येतात. लांबून सिनेमा बघायला काही बिघडत नाही. पण आपल्या अक्षराला वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, आणि जोडाक्षराच्या पोटात आणखी एक अक्षर. एवढं सगळं भरड ठिपक्यांत मावत नाही. झूम केलं की दिसायचं, पण मग पान सारखं इकडेतिकडे सरकवत बसायचं. अशाच एका कंटाळवाण्या दुपारी मी गट क्रमांक ९१ चा ११ केला. मला काम देणाऱ्या वकीलसाहेबांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

त्यानंतर मी आधी टेप काढला, पैसे नंतर. २४ इंची मॉनिटरचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच असतो. ए-फोर कागदाची उंची २९.७. म्हणजे दोन ए-फोर शेजारी-शेजारी जवळपास खऱ्या आकारात दिसतात. वरच्या-खालच्या पट्ट्या थोडी जागा खातात तेवढंच. माझी जुनी खतं मात्र लीगल कागदावरची, साडेपस्तीस सेंटिमीटर उंच. तोच मॉनिटर उभा केला आणि अख्खं पान सह्या-अंगठ्यांसकट एका नजरेत आलं. उभाच ठेवायचा असेल तर आयपीएस पॅनेल घ्या, म्हणजे बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा. स्वस्तातलं टीएन पॅनेल उभं केलं की डाव्या डोळ्याला एक रंग दिसतो, उजव्याला दुसरा. स्टँड फिरत नसला तर मागे वेसाची, म्हणजे ठरलेल्या मापाची, चार भोकं आहेत का बघा, मॉनिटर धरणारा वेगळा आर्म लावता येतो.

शेजारच्या मुलीला मी हे काहीच सांगितलं नाही. म्हटलं, आहे त्या लॅपटॉपवर चार दिवस काम कर आणि पडद्यावरची खिडकी बदललीस की कागदावर एक रेघ मार. दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन आली, दोन्ही बाजू भरलेल्या. रेघा सगळ्या एक्सेल आणि बँक स्टेटमेंटच्या मधल्या. तिच्या शीटचे कॉलम संपता संपत नाहीत, तिला उभा मॉनिटर काय कामाचा? तिला २७ इंची, पण २५६० बाय १४४० चा सुचवला. लॅपटॉप तोच राहिला.

कॉम्प्युटरबद्दल माझ्याकडे फार बोलण्यासारखं नाही. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला १६ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, पुरते. ग्राफिक्स कार्डाचं भाच्याला विचारा. यूपीएस मात्र घ्याच. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की अर्धं पान जातं.

उंचीचंही एक आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, असं सगळे सांगतात. मी इमानेइतबारे खाली दोन जाड पुस्तकं ठेवली आणि आठवड्याभरात मान धरली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात, त्यामुळे वाचायला हनुवटी वर करावी लागायची. पुस्तकं काढली, मॉनिटर खाली आला, मान सुटली.

आणि नागपुरात आधी कूलरची जागा ठरते, टेबलाची नंतर. मॉनिटर झोतासमोर ठेवू नका. आमच्याकडे बोअरचं पाणी, जड. बारीक तुषार उडून पडद्यावर वाळतात आणि क्षारांचे ठिपके राहतात. पांढऱ्या पानाच्या उजेडावर ते काळपट दिसतात. मागच्या उन्हाळ्यात एका मृत्युपत्रात 'त्यांचा हिस्सा' असं वाचलं. मागच्या ओळीत तर मुलगा एकच होता. एकाचा हिस्सा की सगळ्यांचा? वकीलसाहेबांना फोन लावायला घेतला, आणि बोलता बोलता पुढचं वाचावं म्हणून पान वर सरकवलं. शब्द वर गेला. अनुस्वार तिथेच राहिला.