तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेच्या समितीसाठी उभे राहावे का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पालक-सदस्य म्हणून निवडून आले, पुढे समितीचे अध्यक्षपद सांभाळले, आणि तेव्हापासून इतर पालक मला एकच प्रश्न विचारत आले आहेत: शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन खरोखर काही करता येते, की नुसत्या सह्याच करायच्या असतात? माझे उत्तर असे की अवश्य उभे राहावे, आणि सह्यांची ही शंका मनात येते म्हणूनच उभे राहावे.

शिक्षण हक्क कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये ही समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यातील किमान तीन-चतुर्थांश सदस्य मुलांचे आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत, निम्म्या जागा महिलांच्या असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. म्हणजे कायद्याने पालकांना तिथे बहुमत दिले आहे.

निवड पालकसभेत होते आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. सभेची सूचना मुलांच्या वहीतून घरी जाते, अनेक घरांत ती वाचली जात नाही, आणि जमलेल्या मोजक्या पालकांमध्ये कोणीतरी आधीच ठरलेली नावे सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो आणि निवड बिनविरोध झाल्याचे लिहिले जाते. तुम्हाला उभे राहायचे असेल तर आपल्या मुलाच्या वर्गातील पालकांना, विशेषतः आयांना, आधी घरी जाऊन भेटा आणि त्यांना सभेला यायला सांगा. प्रचार म्हणून एवढे पुरते. गावातील राजकारणाचे गट या निवडीत शिरू पाहतात, पण ज्याचे मूल त्या शाळेत नाही त्याला पालक-सदस्य होता येत नाही, हे सभेत शांतपणे आणि स्पष्टपणे सांगायला कचरू नये.

निवडून आल्यावर पहिले काम इतिवृत्ताची वही वाचण्याचे. मी ती उघडली तेव्हा मागील अनेक सभांचे ठराव एकाच अक्षरात, जवळजवळ सारख्याच शब्दांत लिहिलेले होते, आणि काही पानांवर मजकुराच्या आधी सह्या झाल्या असाव्यात असे दिसत होते, कारण शेवटच्या ओळी सह्यांना चुकवून दाटीने बसवलेल्या होत्या. घरी वही पाठवून सही घेण्याची पद्धत फार ठिकाणी आहे, आणि तिचा सर्वाधिक फटका महिला सदस्यांना बसतो: त्यांची नावे असतात, सह्या असतात, पण त्यांचे म्हणणे कुठेही नसते. म्हणून आम्ही ठरवले की इतिवृत्त सभेतच लिहायचे, मोठ्याने वाचायचे आणि मगच सही करायची.

या एका नियमाने काय घडले ते सांगते. मुलींचे स्वच्छतागृह 'उपलब्ध आहे' अशी शाळेच्या माहितीत नोंद होती आणि ती खोटी नव्हती. पण दाराला आतून कडी नव्हती आणि टाकीचे पाणी नळापर्यंत पोहोचत नव्हते, त्यामुळे मोठ्या वर्गांतील मुली मधल्या सुट्टीत घरी जात आणि काही जणी परत येतच नसत. कधीही न बोलणाऱ्या एका आईने हे सभेत सांगितले. 'स्वच्छतागृह दुरुस्ती' असा मोघम ठराव न करता आम्ही कडी, पाइपची जोडणी, खर्च संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेला दरवर्षी किरकोळ खर्च आणि दुरुस्तीसाठी मिळणाऱ्या सरकारी पैशांतून), आणि काम कोण पाहणार, एवढे सगळे त्यात लिहिले. काम झाले, कारण पुढच्या सभेत तो ठराव वाचून दाखवावा लागणार होता.

समितीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे शाळा विकास आराखडा. कलम 22 नुसार शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने शाळेसाठी करायच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार हाच आराखडा असायला हवा. तरीही तो बहुधा मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवला जातो. आराखड्यात मागणी केली म्हणून ती लगेच मंजूर होत नाही; पण गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना आराखड्यात लिहिलेली मागणी हातात असणे आणि नुसती तक्रार घेऊन जाणे यांत फार अंतर आहे. शालेय पोषण आहाराची देखरेख, अनुदानाच्या खर्चाचा हिशेब, शिक्षकांची नियमितता हीही समितीचीच कामे आहेत.

शिक्षकांची नेमणूक किंवा बदली मात्र समितीच्या हाती नसते, आणि त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी कोणी सदस्य होऊ नये. साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असावेत असे कायद्याची अनुसूची सांगते. त्यांतील एक सतत माहिती भरण्यात आणि बैठकांत अडकलेला असेल, तर जागा भरण्याची मागणी करताना समितीने शिक्षकांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. आमच्या मुख्याध्यापकांशी माझे मतभेद झाले, पण रिक्त पदासाठीचे पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिले.

वेळेचे काय, असेही विचारले जाते. सभा महिन्यातून एकदा होते, परंतु ती दुपारी ठेवली तर शेतावर किंवा मजुरीला जाणाऱ्या पालकांचा रोज बुडतो आणि मग तेच तेच मोकळे लोक येत राहतात. त्यामुळे पहिल्याच सभेत वेळेचा ठराव मांडा, आणि ती वेळ मजुरीवरून परतणाऱ्या आयांना विचारून ठरवा.