सहा व्होल्टची बुलेट: उजेड नेमका कुठे अडतो

जुन्या सहा व्होल्टच्या बुलेटचा दिवा मंद आहे म्हटलं की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "बारा व्होल्ट करून टाका." मला ते पटत नाही. बॅटरीत सहा व्होल्ट असतात, पण बल्बपर्यंत ते पोचत नाहीत, हा खरा रोग आहे. तो शोधून काढला तर मूळ वायरिंगवरही गाडी चोख चालते. माझ्याकडची साडेतीनशे बुलेट पॉइंट-कॉइलची (पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), हेडलाइटच्या डोमवर (हेडलाइटचं गोल घर) बॅटरीत वीज येते की जाते ते दाखवणारा अ‍ॅमीटर आणि दोन बाजूंना पार्किंगचे दोन छोटे दिवे असलेली. तिचं काम मी ज्या क्रमाने केलं तो इथे देतो, कारण क्रम चुकला की मीटरवरचे आकडे फसवतात.

आधी थोडं गणित. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर ओढतो, ६ व्होल्टवर जवळजवळ ६. प्रवाह दुप्पट म्हणजे गंजलेल्या सांध्यात वाया जाणारे व्होल्टही दुप्पट. त्यात मूळचे व्होल्ट निम्मेच, म्हणून टक्केवारीत नुकसान चौपट. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. ६ च्या जागी ५ व्होल्ट पोचले की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. बारा व्होल्टच्या गाडीत जो सांधा वर्षानुवर्षं खपून जाईल, तो सहा व्होल्टच्या गाडीला आंधळी करतो.

सुरुवात बॅटरीपासून. तीन सेलची ६ व्होल्ट बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास स्वस्थ बसली की ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. दिवा लावल्यावर ती ५.८ च्या खाली गेली तर पुढची कुठलीच तपासणी करू नये, आधी बॅटरी बघावी. चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे १० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी असेल तर १ अँपिअरने. परभणी-नांदेडकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी झपाट्याने उडतं, म्हणून त्या काळात पातळी दर पंधरवड्याला बघायची. भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. आरओचं पाणीसुद्धा नको, त्यातही क्षार उरतातच. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात असते ती ६ व्होल्ट ४.५ एएचची सीलबंद बॅटरी काहीजण बसवतात. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी आहे, पण या गाड्यांना चार्जिंग मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर नसतो. दिवसा लांब पल्ला मारला की ती जास्त चार्ज होते, गॅस निघून जातो आणि आत पाणी घालता येत नाही. पाण्याची बॅटरी मिळत असेल तर तीच घ्या.

बॅटरी बसवण्याआधी कुठलं टोक चेसिसला जातं ते खात्रीने बघून घ्यायचं. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असायचं. मधल्या काळात कुणी वायरिंग बदललं असेल तर निगेटिव्हही सापडतं. अंदाजाने बॅटरी उलटी जोडली तर रेक्टिफायरमधल्या (एसी वीज डीसी करणारा भाग) डायोडना ती सरळ पडते, मधे काही अडथळा उरत नाही आणि रेक्टिफायर तिथल्या तिथे जळतो. फ्युज नसेल तर पाठोपाठ वायरही. म्हणून पहिलं काम फ्युजचं. बॅटरीच्या लाइव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्युज होल्डर टाकला. वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून जातं, तिथे फ्युजवाचून गाडी चालवणं मला मान्य नाही.

आता मुख्य काम. बहुतेकजण वायरिंग तपासताना मीटर बीपवर लावतात आणि बीप वाजला की वायर चांगली समजतात. बीपला दहा-वीस तारांपैकी एक धागा शाबूत असला तरी पुरतो, कारण मीटर त्यातून नगण्य प्रवाह सोडतो. ठिबकचा फिल्टर तुंबलेला असला तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत गेजवर प्रेशर बरोबर दिसतं, पाणी सोडलं की खरं कळतं, तसंच हे. त्यामुळे मोजमाप दिवा चालू ठेवूनच करायचं. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या लाइव्ह खुंटीवर, दुसरं बल्बच्या लाइव्ह टोकाला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग एक टोक बॅटरीच्या अर्थिंग खुंटीवर आणि दुसरं बल्ब होल्डरच्या धातूवर. हा अर्थिंगच्या बाजूचा तोटा. सहा व्होल्टला दोन्ही बाजू मिळून ०.३ ते ०.४ व्होल्टपेक्षा जास्त तोटा मी चालवून घेत नाही.

माझ्या गाडीवर इंजिन बंद, हेडलाइट चालू असताना बॅटरीवर ६.२ आणि बल्बवर ४.९ आले. १.३ व्होल्ट गायब. त्यातले ०.७ लाइव्ह बाजूला, ०.६ अर्थिंगला. लाइव्ह बाजू टप्प्याटप्प्याने मोजली. अ‍ॅमीटरच्या दोन नटांमध्ये ०.१, इग्निशन स्विचमध्ये ०.३, डिपर स्विचमध्ये ०.२, उरलेले ०.१ वायरमध्ये आणि सॉकेटांमध्ये. वायरिंग पूर्ण फेकून नवं आणण्याआधी एवढं मोजून घ्या. नवं हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) घातलं असतं तर माझे जेमतेम ०.१ व्होल्ट वाचले असते.

अर्थिंगचे ०.६ व्होल्ट हँडलच्या बेअरिंगमध्ये जात होते. डोमला स्वतंत्र अर्थ वायर नव्हती, म्हणजे सहा अँपिअरचा परतीचा रस्ता हँडलच्या गोळ्यांमधून, ग्रीसमधून चेसिसकडे. ओळखायची खूण सोपी आहे: दिवा लावून हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवा, उजेड कमी-जास्त झाला तर हाच दोष. बल्ब होल्डरपासून थेट बॅटरीच्या अर्थिंग खुंटीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, दोन्ही टोकांना तांब्याची थिंबल (वायरीच्या टोकाची टोपी) दाबून वर सोल्डरचा डाग दिला. तशीच एक वायर इंजिनपासून खुंटीपर्यंत आणि एक मागच्या मडगार्डपासून. हल्ली गाडी नवी करताना चेसिसला पावडर कोटिंग करतात. दिसतं फार सुंदर, पण तो थर वीज अडवतो. कोटिंग करून आणलेल्या गाडीचे दिवे लागत नसतील तर वायरिंगला हात लावण्याआधी अर्थिंगच्या बोल्टाखालचा थर पत्रा दिसेपर्यंत खरवडा, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे गंज चढणार नाही.

इग्निशन स्विच उघडून आतले पितळी टिकले बारीक पॉलिश पेपरने साफ केले. स्प्रिंग ढिली पडली असेल तर साफ करून उपयोग नाही, स्विच बदलावा लागतो. अ‍ॅमीटरकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. हॉर्न सोडला तर गाडीची जवळजवळ सगळी वीज त्याच्यातून जाते, आणि इंजिनच्या थरथरीने त्याचे नट सैल होतात. चालती गाडी खड्ड्यात एकदम बंद पडते आणि आपोआप परत चालू होते, तेव्हा आधी तिथे बघा. नटाखाली स्प्रिंग वॉशर टाकला की प्रश्न मिटतो. नट मात्र जपून आवळायचा, आतला खांब फिरला तर अ‍ॅमीटर गेला.

वायरची जाडी: बॅटरी ते अ‍ॅमीटर ते स्विच २.५ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला १.५, मागच्या दिव्याला १. दोन मीटर लांबीच्या १.५ च्या वायरमध्ये ६ अँपिअरला सुमारे ०.१४ व्होल्ट जातात, ०.५ च्या वायरमध्ये ०.४. बाजारातली पातळ वायर घेतली की वर केलेली सगळी मेहनत पाण्यात. जाड मल्टिस्ट्रँड वायर, थिंबल आणि बॅटरीची टोकं तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्याकडे हमखास मिळतात, त्यासाठी संभाजीनगरला जायची गरज नाही. बांधायला कापडी टेप किंवा श्रिंक स्लीव्ह. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाघळतो, टेप सुटतो आणि चिकट जागेवर धूळ बसते.

मागच्या दिव्याची वायर मडगार्डच्या आतून गेलेली असते. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढली की चिकण माती चाक आणि मडगार्डच्या मधे ठासते आणि ती वायर सोलते. मी ती मडगार्डच्या कडेने पीव्हीसी स्लीव्हमध्ये घालून क्लिपांनी धरली. ऊसतोडीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग असते. मागचा दिवा गेलेली गाडी तेव्हा कुणालाच दिसत नाही.

आता इग्निशन. एक झटपट चाचणी सांगतो. इग्निशन चालू, दिवे बंद, किक हाताने हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की अ‍ॅमीटरचा काटा उणे ३ च्या आसपास जातो, उघडले की शून्यावर येतो. काटा असा झुलला तर बॅटरी, स्विच, कॉइलची प्रायमरी (आतलं कमी व्होल्टचं वेटोळं) आणि पॉइंट, सगळं चालू आहे. हललाच नाही तर वाट कुठेतरी तुटली आहे किंवा पॉइंटवर तेलाचा थर आहे. उणे बाजूलाच चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर शॉर्ट आहे. कॉइलची प्रायमरी मीटरने मोजा. सहा व्होल्टची असेल तर दोन ओहमच्या आसपास, बाराची असेल तर तीन ते चार. सहा व्होल्टच्या गाडीला बाराची कॉइल बसवलेली फार वेळा आढळते. ठिणगी पडते, पण पिवळी आणि अशक्त, मग किक मारून पाय दुखतात आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो.

पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. घासायला बारीक कानस, पॉलिश पेपर नको, त्याचे कण पृष्ठभागात रुततात. घासून झाल्यावर पेट्रोलने भिजवलेला कागद मधून ओढायचा. इंजिन गरम झालं की बंद, थंड झालं की चालू, आणि पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या, असं असेल तर कंडेन्सर बदला. क्षमता मोजणारा मीटर असेल तर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला हवा. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) गॅप लावल्यावरच करायचं, आधी नाही, कारण गॅप बदलला की टायमिंग सरकतं. कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. पॉइंटच्या हलत्या टोकावर आणि इंजिनच्या धातूवर ६ व्होल्टचा छोटा बल्ब जोडून इग्निशन चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला राहतो, उघडायला लागले की पेटतो. काम संपल्यावर इग्निशन बंद करायचंच. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत चालू राहिलं तर कॉइल तापत राहते आणि बॅटरी उतरते.

चार्जिंगची बाजू शेवटी. डावीकडचं प्रायमरीचं (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं) झाकण मधल्या एका नटावर असतं, खाली तेलाला भांडं ठेवूनच उघडा. स्टेटर (वीज तयार करणारी स्थिर वेटोळी) आणि रोटर (त्यात फिरणारं चुंबक) यांच्यातली फट सगळीकडून ०.२ मिलिमीटर हवी. एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर स्टेटरचे नट सोडून मध्यावर आणायचा. रोटर काढलाच तर स्वच्छ कापडावर ठेवा, लोखंडाचा कीस चिकटला की निघता निघत नाही. स्टेटरच्या वायरी आपसात एक ओहमच्या आत, आणि कुठलीही वायर ते स्टेटरचा लोखंडी भाग पूर्ण तुटक यायला हवी. तेलाने वायरीचं आवरण कडक होऊन झाकणातून बाहेर पडते तिथेच फुटतं, ती जागा बोटाने चाचपून बघा.

रेक्टिफायर जुना प्लेटांचा असेल तर प्लेटा धरणारा मधला नट कधी फिरवू नका, त्या दाबावरच तो चालतो. माझा बाद होता. जागी केबीपीसी ३५१० हा ३५ अँपिअरचा चौकोनी ब्रिज लावला. कापलेल्या कोपऱ्याची पिन पॉझिटिव्ह, तिच्या समोरच्या कोपऱ्यातली निगेटिव्ह, उरलेल्या दोन स्टेटरच्या. मागे हीट सिंक पेस्ट लावून सपाट पत्र्यावर घट्ट आवळला, नाहीतर तापून जातो. तीन वायरींच्या स्टेटरमध्ये एक वायर हेडलाइट स्विचमधून जाते, म्हणजे दिवे बंद असताना चार्जिंग कमी राहतं. कुणी सोय म्हणून त्या कायमच्या एकत्र जोडल्या की दिवसा बॅटरी उकळते. पाणी वारंवार संपत असेल तर ही जोडणी आधी तपासा.

शेवटची तपासणी रस्त्यावर. दिवे बंद ठेवून गाडी वेगात असताना काटा अधिक बाजूला थोडा झुकायला हवा. हेडलाइट लावून ताशी चाळीस-पन्नासला तो शून्यावर किंवा किंचित अधिक बाजूला. उभ्या गाडीवर इंजिन मंद चालू असताना दिवा लावून काटा उणे गेला तर काळजी नको. माझ्या गाडीवर आता इंजिन बंद, दिवा चालू असताना बॅटरीवर ६.२ आणि बल्बवर ५.९ व्होल्ट येतात. रोज रात्री हायवेने जाणाऱ्याने बारा व्होल्ट जरूर करावं, पण तेव्हा कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब आणि रेग्युलेटर एकत्रच बदलावे लागतात, आणि वरची अर्थिंगची कामं तेव्हाही चुकत नाहीत.