निळी कुणाची?

आमच्या घरात सध्या पाच गिटारी आहेत. तीन माझ्या, दोन 'मित्राच्या, ठेवायला दिल्यात'. हा घरी सांगायचा हिशोब. मी सुताच्या पेढीवर हिशेबनीस आहे, त्यामुळे दोन वह्या कशा ठेवतात ते मला शिकवावं लागत नाही.

आम्ही चौघं आहोत. गणिताचे मास्तर, दातांचे डॉक्टर, सोलापूरच्या पूर्व भागातला एक यंत्रमागवाला आणि मी. माग बंद असतील त्या दिवशी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. चालू असले तर खालच्या खटखटीपुढं आमचा ताल टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर खालचा ताल जास्त पक्का असतो. वाजवण्याचं म्हणाल तर चौघांत मिळून एक बरा गिटारवाला होईल. एकही गाणं आम्ही शेवटपर्यंत नेलेलं नाही. मास्तर यावर लिओ फेंडरचा दाखला देतात. त्यांनी अख्ख्या जगाला इलेक्ट्रिक गिटारी दिल्या, पण त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. हा दाखला निघाला की आम्ही निश्चिंत मनानं चहा मागवतो.

मग वाजवता येत नाही तर एवढ्या गिटारी कशाला? बायको म्हणते, सगळ्या सारख्याच तर दिसतात. यावर मी एकदा साड्यांचं उदाहरण दिलं होतं. पुन्हा देणार नाही.

पण फरक असतो हो. तंबोऱ्याचा आवाज पोकळीत घुमतो. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडं पिकलेले भोपळे मिरजेला जातात आणि तंबोरे होऊन गायला लागतात. इलेक्ट्रिक गिटारीचं पोट बहुधा भरीव. तिथं घुमायला जागाच नाही. तारांच्या खाली लोहचुंबक, त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की खाली वीज थरथरते, बस्स. त्या वेढ्यांचं एकच गुंडाळं असलं की आवाज कोवळा, कडक, पण सोबत घरातल्या विजेची घूंऽऽ फुकट. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे बेसच्या (खर्जात वाजणाऱ्या गिटारीच्या) जाड तारेवर तिसऱ्या घरात जो 'जी' स्वर वाजतो (49 हर्ट्झ), जवळजवळ तोच सूर. यंत्रमागवाल्याच्या खोलीत तर अख्खं मीटर गात असतं. 1955 साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर तोड काढली. दोन गुंडाळी उलटसुलट जोडली, म्हणजे घूं एकमेकांत कटते आणि तारांचा सूर तेवढा उरतो. तो आवाज जाडसर, साईसारखा. आता मला सांगा, कोवळी पाहिजे तशी साईसुद्धा पाहिजे की नको? झाल्या दोन. डॉक्टरांच्या दोन्ही गिटारी बेस आहेत. एक फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजन बेसच्या वळणाची, दुसरी त्यांच्याच 1960 च्या जॅझ बेसच्या. दुसरीची मान वरच्या टोकाला पाव इंचानं अरुंद. पाव इंचासाठी एवढे पैसे? डॉक्टर म्हणतात, माझा सगळा धंदाच पाव इंचाच्या आतला आहे.

बेसचं एक बरं असतं, तो वाजतोय हे कुणाला कळत नाही. डॉक्टर थांबले की मात्र गाण्याखालचं जोतं खचतं. माझ्या घरी त्यांनी एकदा तो 'जी' लावला, तर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचं एकच ताट थडथडायला लागलं. बाकीची अकरा गप्प. त्या ताटात मी आता जरा आदरानं जेवतो.

सोलापुरात गिटार सांभाळणं मात्र पोर सांभाळण्यासारखं आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा त्रेचाळीसपर्यंत जातो, हवा कडक भाकरीसारखी कोरडी. मानेवरच्या पट्टीचं लाकूड आकसतं, पण त्यात ठोकलेल्या पितळी-निकेलच्या आडव्या तारा, म्हणजे फ्रेटा, काही आकसत नाहीत. त्यांची टोकं कडेनं बाहेर येतात. हात वरखाली फिरवला की करवत फिरल्यागत वाटतं. (कितीतरी परदेशी गिटारींच्या पट्ट्या आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीच्या असतात. हे कळलं तेव्हा मास्तर म्हणाले, "काय बे, आपलंच लाकूड आपल्याला डॉलरात?") यावर आमचा उपाय साबणदाणीचा. भोकं असलेली झाकणाची साबणदाणी घ्यायची, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेवायचा आणि डबी गिटारीच्या पेटीत मानेखाली सारायची. आठवड्यानं स्पंज पापडासारखा झालेला असतो. पुन्हा ओला करायचा. बाथरूममधल्या साबणदाण्या का नाहीशा होतात, हे चारही घरांना कोडं होतं.

आता निळी. ती माझीच. पुण्यात एकाकडून जुनी घेतली. अमेरिकेत गिटारींना मोटारींचे रंग मारायचे, त्या वळणाचा आभाळी निळा, कोपरा घासून लाकूड दिसणारा. चादरीत गुंडाळली आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं मांडीवर घेऊन आलो. चादर सांभाळत बसलेल्या सोलापूरकराकडं कोण बघतंय. त्या दिवशी थेट गच्चीवर गेलो. चादर उलगडली तेव्हा तिघंही काही बोलले नाहीत. मास्तरांनी चष्मा पुसला. डॉक्टरांनी तो घासलेला कोपरा अंगठ्यानं हळूच चाचपला. यंत्रमागवाल्यानं नुसती एक तार छेडली आणि विझेपर्यंत कान लावून बसला. घरी असं कोण बसणार?

घरी न्यायची मात्र हिंमत नव्हती. मग युक्ती निघाली. निळी प्रत्येकाकडं तीन-तीन महिने राहील. माझ्याकडं असताना ती डॉक्टरांची, डॉक्टरांकडं मास्तरांची, मास्तरांकडं यंत्रमागवाल्याची आणि त्याच्याकडं माझी. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

यंदा संक्रांतीनंतर गड्ड्याची जत्रा ऐन रंगात असताना मास्तरीणबाईंनी हळदीकुंकू ठेवलं. चौघांच्या चौघी बायका तिथं जमल्या. बायको परत आली, चपला काढल्या, वाण टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "निळी कुणाची?"

वाण होतं साबणदाणी. मी आधी तिला भोकं आहेत का ते बघितलं.